झिलेची जागा

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

प्रिय बिभीषण,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस, आबा आहेत. तसलं काही असतं तर फोनच केला असता. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून माझं हातचं अक्षर म्हणजे आता कोंबडीचे पाय झालेत, तरी हे हातानंच लिहिते आहे. का, ते शेवटी सांगते. लहानपणी तुला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी ऐकायचा असायचा, म्हणून आज मुद्दाम शेवटी.

आबांची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी टाकली आहे. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खडखड आपल्या भिंतीला दिवसभर लागलेली असते. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल, तर उलटंच झालं. माग बंद पडला की ते डोळे उघडतात आणि हात हलवून विचारतात, काय झालं? वीज गेली म्हटलं की पुन्हा मिटतात. गळ्याला जे भोक पाडलंय त्यातून श्वासाची बारीक शिट्टी येते, माग थांबला की ती सगळ्या घराला ऐकू येते. त्यांना बहुतेक ती ऐकायची नसते. नळीतून ताक आणि पेज जाते. शेंगाचटणीचा वास आला की तोंड फिरवतात, म्हणून आम्ही जेवायला मागच्या खोलीत बसतो. हाक मारायला उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवलाय. जन्मभर मेंढरं हाकलेला माणूस, वाटीसुद्धा दरडावून वाजवतो. तुझे दाजी महिपती म्हणतात, तुझ्या बापाचा आवाज गेला पण हुकूम काही गेला नाही. आम्ही हसतो, आबाही हसतात. हसले की शिट्टी तुटक तुटक वाजते, मग मला हसवत नाही.

तुझा निरोप मिळाला, 'रविवारी जमलं तर येतो.' मी आबांना सांगताना 'जमलं तर' गाळून सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी आधी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग दाराकडे बोट केलं. ही खूण ते ऑपरेशनपासून करतात. डॉक्टरांना वाटलं गळा दुखतो, महिपतींना वाटलं दार लावा म्हणतात. मला पहिल्या दिवशीच कळली होती. त्यांना तुझी झील हवी आहे. तुझ्या घरात आता हा शब्द कुणी बोलत नसेल. तुझ्या बायकोला, अपेक्षाला माहीत नसेल तर सांग, की धनगराची ओवी एकट्यानं होत नाही. एकानं ओळ म्हणायची आणि दुसऱ्यानं मागून ती उचलून धरायची, तिला झील म्हणतात. आबांच्या ओवीला तू बोलायला लागल्यापासून झील धरलीस. बिरोबाच्या जत्रेत आबांच्या मांडीला टेकून उभा राहायचास, एका हातानं चड्डी सावरत, आणि तुझी पाळी आली की असा आवाज काढायचास की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आई तर दृष्ट काढल्याशिवाय झोपू द्यायची नाही.

आता त्या फाईलचं सांगते. दिवाळीच्या आधी आबांच्या गळ्याचं निघालं तेव्हा तू म्हणालास, अक्का, व्हॉट्सअॅपवर असे सुटे सुटे फोटो पाठवू नकोस, सगळं एका वर्डच्या फाईलमध्ये नीट घालून मेल कर, इथल्या डॉक्टरांना दाखवायला बरं पडेल. मला खरं तर बरंच वाटलं. गळ्याचं काही कळत नव्हतं, फाईल करणं तरी येत होतं. इतकी वर्षं भवानी पेठेत दुकान चालवते, लोकांची प्रमाणपत्रं, वकिलांचे अर्ज, बारशाची निमंत्रणं सगळं केलं, पण बापाच्या नावाची फाईल पहिल्यांदा केली. पहिल्या पानावर त्यांचा फोटो, फेटा बांधलेला. खाली रिपोर्ट, ते पीडीएफ होते, तसेच्या तसे आत बसवले. रक्ताच्या तपासण्यांचा एक्सेलचा तक्ता घातला. दुर्बिणीतून घशाचं शूटिंग केलं होतं, तो व्हिडिओसुद्धा घातला. जे जे दुसऱ्या जातीचं होतं ते ते त्या एका फाईलच्या पोटात बसवलं आणि तुला पाठवलं. मेल परत आला. फाईल फार जड झाली होती. तू म्हणालास, हलकी करून पाठव. मी व्हिडिओ काढला, फोटो बारीक केले. तुझ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे इथल्यांनी सांगितलं होतं. स्वरयंत्र काढायचं, आणि त्यालाही उशीर झालाय.

आबांना हे मी सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील, गावाला निघून जातील. ते थोडा वेळ मंद्रूपच्या बाजारात मेंढरू जोखतात तसे माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, 'म्हंजी बोलायचं बी न्हाय आन् गायचं बी न्हाय?' मी मान हलवली. मग म्हणाले, 'तुझ्या त्या मशीनीत माझी एक ओवी घाल. बिभ्याला पाठीव. झील त्यो धरंल की.'

एक ओवी म्हणजे कुठली, हे मी विचारलं नाही. तुझ्या लग्नात राहिलेली. आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. पुण्यातला तो हॉल, वर काचेची झुंबरं, आबा नवी घोंगडी खांद्यावर टाकून पुढच्या रांगेत. अक्षता पडल्यावर कुणी न सांगता ते उठले, कानावर हात ठेवला आणि ओळ म्हणाले. सगळा हॉल वळून बघायला लागला. ओळ संपली आणि ते तुझ्याकडे वळले, जत्रेत वळायचे तसे. तू फोटोवाल्याकडे बघत राहिलास. मग कुणीतरी गाणी लावली. आबा खाली बसले आणि घोंगडीची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घालत राहिले. मी तुला तेव्हाही दोष दिला नव्हता. नवरदेवानं स्टेजवर मेंढरासारखा आवाज काढायचा म्हणजे सासरच्यांपुढे अवघडच, हे मला कळत होतं. आबांनाही कळलं असणार. गावी परत जाताना गाडीत एवढंच म्हणाले, 'पोराला तितं अवगड झालं.' त्यानंतर जत्रेतसुद्धा ती ओवी त्यांनी म्हटली नाही. दुसऱ्या म्हणायचे, गावातला सोमेश झील धरायचा. ही कुणाला धरू दिली नाही.

त्याच आठवड्यात रविवारी दुकान बंद ठेवून रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद केला, शेजाऱ्यांना माग थोडा थांबवायला सांगितलं, त्यांनी लगेच थांबवला. आबा आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून आले होते. मशीनला नमस्कार केला. आवाज तेव्हाच फाटला होता रे, एखादा शब्द नुसता हवेतच जायचा, पण चाल कुठंच सुटली नाही. प्रत्येक ओळ झाली की ते गप्प व्हायचे. मला वाटलं दम लागतोय. मी खुणेनं विचारलं, पाणी देऊ? तर हातानं मला दटावलं. झाल्यावर 'साकु' म्हणाले, म्हणजे पुरे. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून कानडी कमीच झालं होतं. मी म्हटलं, आबा, मधे मधे एवढं गप्प का राहिलात, मी ते कापून टाकते, सलग होईल. तर म्हणाले, 'खुळी का काय तू? ती जागा बिभ्याची हाय.'

ते रेकॉर्डिंग मी दुकानाच्या पेनड्राईव्हवर घेतलं आणि आबांच्या फाईलमध्ये शेवटच्या पानावर बसवलं. इथं माझ्या धंद्याची सवय नडली. आम्ही पत्रिका, अंक वगैरे जुळवतो तेव्हा चित्र पानाच्या आत घालत नाही. चित्र जिथं ठेवलंय तिथंच राहतं, पानाला फक्त त्याचा पत्ता दिलेला असतो. म्हणून फाईल हलकी राहते, आणि छापायला देताना फाईलबरोबर चित्रांचं पाकीट वेगळं द्यायचं असतं. तू हलकी करून पाठव म्हणाला होतास. वर्डमध्ये ओवी घालताना मी तिथंही तसंच केलं, आवाज आत न घालता नुसती लिंक जोडली. पानावर स्पीकरचं छोटं चित्र आलं, खाली मी 'आबांची ओवी' असं लिहिलं. दाबून बघितलं, तर वाजली. वाजणारच, पेनड्राईव्ह माझ्याच कॉम्प्युटरला लावलेला होता. फाईल हलकी झाली, मेल एका दमात गेला. वेगळं पाकीट द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि तुझं उत्तर आलं, 'ऐकली. मस्त झाली आहे.' पुढे अंगठा.

बिभीषण, त्या दोन वाक्यांनी आबांचं काय झालं ते तुला माहीत नाही. मी वाचून दाखवल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. अंगठ्याचं चित्र बघायला चष्मा मागितला. गावाहून बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, बजाबाई आत्याला, गुरुलिंग मास्तरांना, दवाखान्यातल्या पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला, 'माझ्या पोरानं पुन्यात बसून माझी ओवी ऐकली. लई ग्वाड म्हनला.' गोड तू म्हणाला नव्हतास, ते त्यांनी पदरचं घातलं. ऑपरेशनच्या सकाळी तू आलास तेव्हा त्यांच्या अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. तुझा हात धरून म्हणाले, 'ऐकलीस म्हनं?' तू म्हणालास, हो आबा, मस्त होती. ते म्हणाले, 'मग झील?' तू म्हणालास, आधी ऑपरेशन होऊ दे, मग निवांत. ते म्हणाले, 'बरं. निवांत.' मग त्यांना आत नेलं. तू बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. ते तुझ्याशी आवाजानं बोललेलं शेवटचं.

टाके निघाल्यावर आबांनी दुकानाकडे बोट केलं, कानाला हात लावला. स्वतःची ओवी ऐकायची होती. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना खुर्चीत बसवून पडद्यासमोर आणलं, फाईल उघडली, शेवटच्या पानावर जाऊन स्पीकरचं चित्र दाबलं. मूळ फाईल सापडत नाही, असा निरोप आला. पुन्हा दाबलं. पेनड्राईव्ह शोधला, लावला, तर त्यात दुसऱ्याच कुणाच्या पत्रिका. मधल्या काळात मी दवाखान्यात असताना तो एका कामाबरोबर प्रेसमध्ये गेला होता, त्यात व्हायरस निघाला म्हणून त्यांनी पुसून साफ करून परत दिला होता. त्यांचा काय दोष? रोज असंच करतात. मग माझ्या डोक्यात आलं की माझ्याकडं नसली तरी तुझ्याकडं असेल, तू ऐकलीस ना. बिभ्याकडनं मागवते म्हणून मी आबांना सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुझ्याकडं तीच फाईल होती. त्यात नुसतं चित्र होतं आणि माझ्या पेनड्राईव्हचा पत्ता. ती तुझ्या मशीनवर पहिल्या दिवसापासून कधीच वाजली नसती. वाजूच शकत नव्हती.

मी आबांना सांगितलं, मशीन बिघडलंय. त्यांनी मान डोलावली आणि मशीनच्या पाठीवरून हात फिरवला.

तू ती उघडलीच नाहीस, की उघडत नाही हे बघून माझं मन राखायला ऐकली म्हणालास, हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायचंही नाही. चूक माझ्या हातून झाली, ते मी कुणाच्या माथी मारत नाही. पण एक सांगते, कारण हे नाही सांगितलं तर मला आत सडेल. अक्का, उघडत नाही गं, एवढं तू लिहिलं असतंस तर त्या दिवशी पेनड्राईव्ह जागेवर होता. ओवी त्यात होती. आबांचा आवाजही गळ्यात होता, पुन्हा म्हणाले असते. तुझ्या एका ओळीचं काम होतं. पुढचे कितीतरी दिवस मी तुझा फोन घेतला नाही, महिपतींना घ्यायला लावला. दुकानात कुणी फाईल उघडत नाही म्हणालं की मला रडू यायचं आणि गिऱ्हाईक घाबरायचं. आता राग राहिला नाही. नुसतं दुखतं.

आबा दुपारी पडल्या पडल्या ती ओवी म्हणतात. आवाज नाही, ओठ हलतात. ओळ झाली की थांबतात आणि थांबून दाराकडे बघतात. मला एकदा राहवलं नाही. झील मलाही येते, तुझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहे. त्यांच्या उशाशी बसून मी ती म्हटली. आबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गालाला हात लावला आणि मान हलवली. नको. मग पुन्हा पहिल्यापासून ओठ हलवायला लागले.

कालपासून ओठही हलत नाहीत. छातीतही पसरलंय. डॉक्टर काल घरी येऊन गेले, रविवारचं विचारलं तर म्हणाले, रविवार लांब आहे. मी तुला आज फोन करून हे सांगणार होते. फोनवर तू विचारशील, अक्का, नक्की ना, कारण सोमवारी तुला मीटिंग असेल, आणि मी काहीतरी बोलून बसेन. म्हणून हे पत्र, पुण्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हर अभिमन्यूकडे देते, उद्या तुझ्या हातात पडेल. लगेच निघालास आणि आबा असले, तर ओवी अशी आहे. पहिली ओळ, 'माळाच्या टोकाला कोकरू ऱ्हायलं.' दुसरी, 'मेंढरं वाड्याला आली.' तिसरी, 'दिस बुडाला, बाभळी काळ्या, हाळी कुनी घातली?' मग, 'आरं माज्या लेकरा, हायस कुटं?' आणि आबा गप्प होतात. तिथं तुझी जागा. झील तुला आठवत असेलच, नसली तर 'हितंच हाय गा बा, हितंच हाय.' एवढंच म्हणायचं असतं. त्यांना ऐकू येतंय, कान शाबूत आहेत. आणि तू पोचायच्या आधी ते गेले, तरी हा कागद सांभाळून आण. सगळा गाव येईल, बजाबाई आत्या सगळ्यांदेखत तुला विचारणारच, आबाची शेवटची ओवी तू ऐकलीस म्हणं, कुठली रे होती? हातानं कागदावर लिहिलं ते यासाठी, हा उघडत नाही असं होणार नाही. तेव्हा अडखळू नकोस, वरच्या ओळी पाठ करून ठेव आणि ऐकली होती म्हणून सांग. ते ज्या आनंदात गेले तो खोटा होता, हे गावाला कळता कामा नये. तेवढं तुला जमतं.

तुझीच,
अक्का